यंदाचा वाघ

प्रिय मनिष,

इकडे भात निसवलंय आणि वनश्रीनगरच्या मागच्या आपल्या रानाला एकदाचं 'राखीव उद्यान' म्हणून फाटक बसलं. फाटकाशी फलक आहे. मजकूर माझा. वसाहतीच्या समितीला त्यात 'प्राचीन वनसंपदा' हवं होतं. मी विचारलं, प्राचीन म्हणजे कधीचं, आणि पुरावा काय? कॉलेजचं तोंड मी पाहिलं नाही, पण जुने नकाशे वाचायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. तेव्हा फलकावर खरं तेच आहे: वसाहतीच्या जागी गवताची वखार होती, गाठी मुंबईला जात. गवतासाठी भोवतालचा सगळा माळ मोकळा झाला, हा एवढा तुकडा राहिला तो वाघोबामुळे. तिथे कोयता नेत नाहीत. हे शेवटचं वाक्य तुझ्या बापाचं, म्हणून खाली त्याचं नाव घातलंय, पूर्ण, आडनावासकट. बारक्याने ते बोटाने चाचपून पाहिलं आणि म्हणाला, "अण्णा, माझं नाव उन्हात ठेवलंस रे."

रविवारी वसाहतीतली माणसं फिरायला येतात, मी सोबत असतो. ऐन कुठला, कुसुंब कुठला, दाखवतो. वाघोबाच्या फळ्यांपाशी मात्र गोंधळ होतो. तुझ्या पणजाने देव कोरलेली फळी वाळवीने खाल्लेली, आजोबाची कलंडलेली, बारक्याचीही आता खालून कुजली. जुना देव उचलायचा नाही, दुरुस्त करायचा नाही, शेजारी नवा उभा करायचा, हे मी किती वेळा सांगितलं! तरी सेक्रेटरी ऋषभभाई परवा म्हणालेच, "अण्णा, हे सडेलं लाकूड काढू ने, मार्बलचा मस्त वाघ बसवू. खर्च माझा." माणूस वाईट नाही, मनापासून बोलत होता. मी तोंड उघडायच्या आत बारक्या म्हणाला, "दगडाचा देव म्हातारा कसा होईल, शेठ? या दिवाळीत वाघबारशीला नवा येतो. नाही आला तर बसव तुझा." ऋषभभाईंनी लगेच हात मिळवला. आता हा शब्द चारचौघांत गेलाय.

तुझ्या त्या प्लायवूडच्या वाघाची आठवण मी मुद्दाम काढतोय, रागावू नकोस. उंबरगावच्या कारखान्यातल्या मशीनवर तू तो कापून आणलास. पट्टे एकासारखा एक, सूर्य-चंद्र गोल गरगरीत. बारक्याने उलटासुलटा करून पाहिला आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून टाकला. तुझी आई शुक्री ओरडली, "अरे, पोरगा जेवायचाय अजून!" तोवर तू चारोटीच्या जीपमध्ये बसला होतास. त्यानंतर तू आला नाहीस. तुझं चुकलं की त्याचं, यात मी पडत नाही. प्लायवूड पावसात टिकत नाही, एवढं माझं मत मी तेव्हाच दिलं होतं.

काल मी पाड्यावर गेलो होतो. नव्या देवाची सागाची फळी बारक्याच्या ओटीवर आडवी आहे. सूर्य झालाय, चंद्रावर पटाशी निसटून चीर गेलीय. आजारपणापासून त्याचा उजवा हात थरथरतो, हे तुला कुणी सांगितलं नसणार. त्यानेच सांगू दिलं नाही. वाघ अजून कोरायचाय. आणि समोर भिंतीला, धुऊन पुसून, तुझा तो प्लायवूडचा वाघ टेकवून ठेवलाय. खुराड्यावर आता पत्रा आहे. तुझ्या वाघाचे पट्टे बघून तो कोळशाने फळीवर रेघा ओढत होता, पुसत होता, पुन्हा ओढत होता. मला पाहिल्यावर कोळसा मागे लपवला. पाड्यावरचे दुसरे हात चालणार नाहीत, फळी घरच्यानेच कोरायची, हे तुला मी काय सांगू! निघताना त्याने मला वाघोबाची शपथ घातली, मनिषला फोन करायचा नाही म्हणून. शपथ मी पाळतो. पत्राविषयी तो काही बोलला नव्हता. वाघबारशीच्या आधी ये, आणि येताना चांगली पटाशी आण. त्याची बोथट झालीय.

शपथेला जागलेला,
तुझाच,
अण्णा