टोपण घट्ट लावा, दाजी

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळच्या गाडीनं औशाहून दाजी आले. खांद्यावर पोतं, पोत्यात झाडं कापायची चेनवाली मशीन. नांदेडच्या भंगारात घेतली म्हणे. मूळची तांबडी असावी, आता विटून गुलाबी झालीय. लातूरच्या दुकानदारानं हात लावला नाही, म्हणून जळकोटला मेहुण्याकडं आणली. "शिवा, तुझ्या हाताला गुण हाय." माझ्या हाताला गुण आहे तो फवारणीच्या पंपांचा. पण अक्काच्या नवऱ्याला नाही कोण म्हणणार.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "थंड हाय तवर लई गुणाची. गरम झाली की पिसाळती. रेसचा खटका सोडला तरी चेन फिरूनच राहते. मग आपोआप मरते. जरा वेळ ठिवली, टोपण उघडून पेट्रोल बघितलं, की परत शानी."

हे हसून सांगत होते. मला हसू आलं नाही. दाजी हिला घेऊन झाडावर चढतात, कमरेला दोर, एक हात फांदीला. खटका सोडल्यावर चेन थांबायलाच पाहिजे, नाहीतर ती कुठं जाईल?

सोमवार म्हणून शाबूदाणा. जावई सोमवारी आले, बायको संगीता पुरण शिजवण्यातून सुटली.

५ फेब्रुवारी, बुध.

उघडली. टाकीतलं पेट्रोल चहाच्या रंगाचं, वास आंबूस. हल्ली पेट्रोलमध्ये स्पिरिट मिसळून येतं, जुन्या रबराला ते सोसत नाही. नळी बोटाला चिकटून आली, चिरलेली. कार्बोरेटरमधला पडदा पापडासारखा कडक. म्हटलं सापडलं दुखणं. चिरलेल्या नळीतून हवा जाते, मशीन पिसाळते. सरळ आहे.

उघडण्याआधी एकदा चालू करून बघितली होती. दोरी ओढायच्या आधी गळ्यातलं इष्टलिंग सदऱ्याच्या आत सरकवलं, हात लावला. सं. दारातून बघत होती. "मशीन दुरुस्त करून राहिले का तिची पूजा?"

तिला सांगितलं नाही. कुणालाच नाही. मला या मशिनीची भीती वाटते. पंप बिघडला तर बंद पडतो, ही बिघडली तर चालू राहते. गावात मला मिस्त्री म्हणतात आणि दोरी ओढताना माझे पाय मागं सरकतात. इथं लिहायला हरकत नाही.

७ फेब्रुवारी, शुक्र.

नांदेड. नळी, पडदा, फिल्टर मिळाले. स्टेशनपासून रिक्षात कोंबून बसलो, मांडीवर नमुन्याच्या जुन्या भागांची पिशवी. दुकानातले चाचा बोलके, चहा पाजला आणि चहाबरोबर एक गोष्ट. देगलूरकडचा एक गडी, अशीच जुनी मशीन. खटका सोडला आणि सवयीनं खाली मांडीजवळ घेतली. "चेन बंद झाली समजला बिचारा. मशीनचा काय भरोसा हाय मिस्त्री." पुढचंही सांगितलं त्यांनी. ते इथं लिहीत नाही.

परत येताना सगळी वाट तीच मांडी डोळ्यांपुढं. गोष्ट सांगायची काय गरज होती.

१० फेब्रु., सोम.

जोडली. चालू केली. बाभळीचं खोड ठेवून कापलं, लोण्यासारखं. खटका सोडला, चेन थांबली. परत, परत. गरम होऊ दिली. मधून मधून बंद करून पेट्रोल बघितलं, टाकलं, परत चालू. एकदाही पिसाळली नाही. शेजारचे किराणावाले काका म्हणाले, "नवी घेतली का?"

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही, दुपारपर्यंत. दाजींचा फोन: "झाली ना? शनवारी जांबच्या म्होरं काम धरलंय. चिंच हाय, जुनी, लई उंच." उंच म्हटलं आणि गेला आनंद.

१२ फेब्रु., बुध.

दाजी आणि अक्का आले. अक्का शिवरात्रीपर्यंत राहणार. घर भरल्यासारखं वाटतं. आल्या आल्या सं.ला म्हणाली माझी तब्येत उतरली, सं.चं तोंड बघण्यासारखं.

दाजींना मशीन चालवून दाखवली. निघताना मीच म्हणालो, "टोपण घट्ट लावा, दाजी. वर पेट्रोल सांडलं तर धुराच्या तापलेल्या नळकांड्यावर भडका होईल." "तेवढं कळतंय रे," म्हणत त्यांनी पक्कड घेऊन आवळलं. दोघं गडी रस्त्यावर जीप घेऊन उभे होते. गेले.

मग अक्का दुकानात आली. एकटी. "नीट बघितलीस ना, शिवा? ते वर चढतेत तिला घेऊन. मी कधी बघायला जात न्हाई. मला बघवत न्हाई."

"हाव, बघितली," म्हणालो.

१३ फेब्रु.

कामात लक्ष नाही. पंपाचा वायसर उलटा बसवला. अक्का स्वयंपाकघरात हसतेय, ऐकून बरं वाटतं आणि धास्तीही वाटते.

१५ फेब्रु., शनि. दुपार

घाईत लिहितोय.

उदगीरच्या शाळेतले एक सर गवत कापायची मशीन परत घेऊन आले. गेल्याच आठवड्यात दुरुस्त करून नेलेली. "तुमच्याकडं चालते, आमच्याकडं बंद पडते. माझ्यावर राग आहे का तिचा?" चालू केली, मस्त चालली. सर म्हणाले, "बघा, परत तेच." मग जाताना त्यांनी टोपण गच्च आवळलं, सहज एकदा चालवून बघितली. जरा वेळानं आवाज चढला, चढला, आणि मेली.

मी टोपण उघडलं. फुस्स. हवा आत ओढली गेली.

टोपणात हवेचं बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तशी तिथून हवा आत यायला पाहिजे. या पेट्रोलनं आतलं रबर फुगलं, भोक बंद. हवा नाही म्हणून पेट्रोल उतरत नाही. उपाशी मशीन आधी पिसाळते, मग मरते.

आणि आम्ही सगळे मिस्त्री टोपण एक आटा फिरवून नुसतं ठेवतो. फुगलेलं टोपण आवळलं की पकडीशिवाय निघत नाही, सारखं कोण झटत बसणार. म्हणून दुकानात सगळ्यांचीच मशीन गुणाची. सोमवारी दाजींची मशीन मी तशीच चालवली. दिवसभर. सैल टोपणावर.

दाजींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. टोपण उघडून पेट्रोल बघितलं की परत शानी. कानानं ऐकलं मी. आणि वर मीच म्हणालो, घट्ट लावा.

फोन लागत नाही. बाहेर आहे म्हणतंय. अक्का आत ज्वारी निवडतेय. "कुणाला लावून राहिलास रे?" "उदगीरला, पार्टसाठी."

गाडी काढतो. शंभो.

१६ फेब्रु., रवि.

काल काय झालं ते नीट लिहून ठेवतो.

जांबच्या पुढं शेतातून आवाजावर गेलो. लांबूनच ऐकू येत होती. आवाज मला कळतो, नको तेवढा कळतो. अजून बरा होता, एका पट्टीत. चिंच केवढी मोठी. दाजी वर, मधल्या फांदीवर, पाठ माझ्याकडं. खाली दोघं गडी दोर धरून.

हाक मारणार होतो. तोंड उघडलं आणि बंद केलं. चालू मशीन हातात असताना दचकले, वळून बघितलं तर? गड्याला म्हटलं, थांबवा. त्याला वाटलं मी दोराबद्दल बोलतो, त्यानं दोर आणखी आवळला. काय करावं ते सुचेना. खाली उभा राहिलो वर तोंड करून, हात छातीवर, इष्टलिंगावर.

आणि आवाज चढायला लागला. दाजींनी खटका सोडलेला मला दिसला, बोटं उघडी झाली. चेन थांबली नाही. ती फिरत होती आणि ते ती गुडघ्याजवळ आणत होते, दुसरी फांदी धरायला. सवयीनं. मला देगलूरचा तो गडी दिसला. ओरडलो असेन, मला आठवत नाही. गडी म्हणतो ओरडलो नाही, खाली बसलो.

मग मेली आपोआप. शांत झालं. वर दाजी म्हणाले, "परत मेली बघ भवानी," आणि दोरानं खाली सोडली.

दाजींच्या धोतराला गुडघ्यावर चीर होती. कातडीला काही नाही. चीर फांदीची असेल, ते म्हणतात फांदीचीच. असेल.

खाली आले, मला बघून चकित. "तू हितं कसा?" मी टोपण काढून दाखवलं. फुस्स. सांगितलं सगळं. त्यांना पटलं, हसले पण. "आस्सं व्हय. मग सैल ठिवून चालवतो की. आजचं काम उरकू दे." आणि हात पुढं केला.

मी मशीन दिली नाही. पाना काढला, चेन उतरवली, पिशवीत टाकली. गड्यांच्या समोर. जमिनीचा मालकही आलेला होता. तो म्हणाला, "पाव्हणं, तुमचा मेहुणा लई भेतो की." दाजींचा चेहरा उतरला. "शिवा, दे." मी नाही म्हणालो. जन्मात पहिल्यांदा दाजींना नाही म्हणालो, तेही चारचौघांत. माफी मागावी असं वाटलं आणि चेन घट्ट धरून ठेवावी असंही वाटलं. चेनच्या दातांनी बोट कापलं होतं, ते मशीन घेऊन घरी आल्यावर कळलं.

आज सकाळी दाजी आले. पाणी घेतलं नाही. उंबऱ्याबाहेरून म्हणाले, "आवर." अक्कानं पिशवी भरली. शिवरात्रीला दहा दिवस आहेत. सं.नं ओटी भरली तिची, डोळे पुसत. अक्का माझ्याशी बोलली नाही, निघताना फक्त माझ्या बोटाकडं बघितलं.

१९ फेब्रु., बुध.

टोपणातलं रबर बदललं. दुसऱ्या मोडक्या मशीनचं चांगलं होतं, ते बसवलं. सुई घालून भोक साफ केलं, फुंकून बघितलं. टोपण पकडीनं आवळलं आणि टाकी भरून पूर्ण संपेपर्यंत चालवली. पिसाळली नाही. सरांचीही तशीच करून दिली. ते म्हणाले आता राग गेला.

दारावर पाटी लावावी म्हणतो: टोपण आवळून चाचणी. सं. म्हणाली लावा, लोकांना कळणार नाही, पण लावा.

२२ फेब्रु.

परत टाकी भरून. ठीक. माझे पाय मागंच सरकतात अजून.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. बदललेलं रबरही रबरच आहे. पेट्रोल तेच. आज ठीक आहे, पुढच्या महिन्यात परत फुगलं तर? दाजी त्या दिवशी कुठल्या झाडावर असतील?

२६ फेब्रु., बुध. शिवरात्र

मंदिरात गर्दी. अक्काशिवाय पहिली शिवरात्र. तिच्या नावानं बेल वाहिला. दाजींच्या नावानंही, गुपचूप. मनात राग नाही, नुसती भीती. देवाला काय मागावं ते नीट सुचलं नाही, म्हणून चेन थांबू दे एवढंच म्हणालो.

संध्याकाळी अक्काचा फोन. किती दिवसांनी. हळू बोलत होती, दाजी बाहेर ओट्यावर असावेत.

"त्या दिशी गड्यानं सांगितलं मला सगळं. गुडघ्याचं बी. ते न्हाई म्हणतेत, पण मी धोतर धुतलंय शिवा. चीर सरळ हाय. फांदीची अशी असते व्हय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"शुक्रवारी येतेत मशीन न्यायला. उरलेली चिंच पाडायचीय. तू दिली न्हाईस तर नांदेडहून दुसरी आणीन म्हणतेत, तसलीच. तेव्हा दिलेली बरी का न दिलेली, ते मला काय कळतं. तू सांग. तू नीट झाली म्हणलास तर मी काय बोलत न्हाई. तू नको म्हणलास तर आडवी पडते दारात."

"बघून सांगतो," म्हणालो.

२८ फेब्रु., शुक्र. सकाळ

पहाटे उठून परत चालवली. टोपण आवळून. थंड, गरम, कडक गरम. बाभळीत दाबून. खटका सोडला की चेन थांबते, दर वेळी. मला सापडेल असा दोष तिच्यात राहिलेला नाही. सोमवारी, दहा तारखेलाही नव्हता.

मशीन पुसून पोत्यात घातली. चेन वेगळी, कपाटात. परत काढली, पोत्याशेजारी ठेवली. बसवलेली नाही.

एक जादा टोपण कागदात गुंडाळलं, सोबत दोन जादा रबरं. दाजींना कसं सांगायचं ते मनात घोळवतोय. महिन्यानं बदला. मला दाखवा. ऐकतील का. मी असं सांगितलं की ते म्हणतील, तेवढं कळतंय रे.

औशाची गाडी आता लातूर सोडून निघाली असेल. सं.नं पुरण घातलंय. आज शुक्रवार आहे, सुटका नाही म्हणाली, आणि हसली नाही.

अक्काला अजून काही सांगितलेलं नाही. फोन वाजतोय. अक्का.