नऊ क्रोमिस आणि एक सिंहमासा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, १२ ऑक्टोबर २००३

रत्नागिरीचे पावणे श्री. गणपतराव यांना हंबीरराव चौगुले यांचा हात जोडून नमस्कार (डावाच हात जोडला आहे असं समजा, उजव्याची हकीकत पुढे येईल).

चिमणाबाईंचा गुडघा आता कसा आहे? वाटून लावायच्या पाल्याने उतार पडतो असं आमच्या शेजारच्या बयाबाई म्हणतात, पण कसला पाला ते त्यांना आठवत नाही. आठवला की कळवतो. आमच्याकडे तुमच्या विहीणबाई तानाबाईची तब्येत उत्तम, तुमचा जावई अमरसिंह शिरोलीच्या कारखान्यात वेळेवर जातो-येतो, आणि माझं म्हणाल तर बरं आहे. पत्राचं कारण तसं साधं आहे. मला समुद्राचं पाणी हवं आहे, वीस लिटरचे चार कॅन. पण एवढं पाणी एका माणसाला घरात कशाला लागतं हे सांगायचं तर मे महिन्यातल्या लग्नापासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चष्मा लावून निवांत बसा.

तुम्हाला माहीत आहे, एकतीस वर्षं मी पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होतो. वरच्या अंगाचा शेतकरी आणि खालच्या अंगाचा शेतकरी एकाच पाटावर नांदवणं हे माझं काम. गडमुडशिंगीत मी फावडी घेऊन धावलेली माणसं दुपारी एका पंगतीला बसवली आहेत. निवृत्त झालो तेव्हा हाताखालच्या लोकांनी वर्गणी काढून चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी दिली आणि तिच्यात एक सिंहमासा सोडून दिला (इंग्रजीत लायनफिश म्हणतात). तांबडे-पांढरे पट्टे, अंगभर पिसाऱ्यासारखे पर, चाल तर अशी की दौऱ्यावर आलेला कार्यकारी अभियंता. तानाबाईने त्याचं नाव झालरवाला ठेवलं. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं हे दुकानदाराने सांगितलं होतं. मी ऐकलंही होतं. ऐकणं आणि लक्षात ठेवणं यात फरक असतो.

मग आमची सून, म्हणजे तुमची प्रियदर्शनी, घरात आली. तुमच्या घरी चार वर्षं वाढवलेले नऊ क्रोमिस तिने आंबा घाटातून एस.टी.त मांडीवर कॅन धरून आणले. बोटाएवढे हिरवट-निळे मासे, एक वळला की नऊ वळणार, एक थांबला की नऊ थांबणार. तुमचा जीव किती कासावीस झाला असेल ते मी ओळखून होतो. म्हणून पाचव्या दिवशी, पाव्हण्यारावळ्यांनी भरलेल्या सोप्यात, सगळ्यांच्या देखत मी तिला शब्द दिला, की पोरी, तुझे मासे तुझ्या माहेरी होते तसेच इथं राहतील, ह्याच टाकीत, झालरवाल्याशेजारी. त्यावर तानाबाई म्हणाली, "तुमचा झालरवाला त्यास्नी खाईल न्हाय तर काय ववाळील?" मी तिला माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीची आठवण करून दिली.

त्याच दिवशी नऊ सोडले, दुसऱ्याच दिवशी सकाळी आठच मासे भरले. झालरवाला कोपऱ्यात पर मिटून बसला होता, चेहऱ्यावर काही नाही. सूनबाईने मोजायला सुरुवात केली तसं मी म्हणालो, एक दगडामागं हाय. (गणपतराव, इथंच चुकलो. पण चुकताना ते कळत नाही.) ती कामाला लागल्यावर मी शाहूपुरीतल्या दुकानात गेलो आणि त्याच मापाचा एक क्रोमिस आणून सोडला. संध्याकाळी नऊ. पुढच्या दोन महिन्यांत मी अशा आणखी तीन फेऱ्या केल्या. दुकानदार मला बघितलं की विचारायचंही सोडून जाळी उचलायचा. मला वाटायचं, शब्द पाळला जातोय, बस्स झालं.

एक गोष्ट मला ठाऊक नव्हती. तुमच्या घरचे क्रोमिस एकत्र फिरायचे आणि दुकानातले त्यांच्यात मिसळत नव्हते, वेगळा घोळका करून पंपाजवळ राहायचे. गणपती उठल्यावर एके दिवशी सूनबाई चहाचा कप घेऊन टाकीसमोर उभी राहिली ती उभीच. मग म्हणाली, "मामा, ह्यातलं पाचच माझं हायत की. बाकीचं चार कवा आलं?"

मी म्हणालो, सगळे तुझेच आहेत.

ती रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "मासं खाल्लं त्याचं काय न्हाय मामा, त्यो त्याचा धर्मच हाय. पर तुमी मला नऊ म्हणत हुता." दुसऱ्या दिवशी तिने आत्तीला, म्हणजे तानाबाईला, सांगितलं की आईचा गुडघा दुखतो, चार दिवस जाऊन येते. त्याला आज चार आठवडे झाले. तिने तुम्हाला यातलं काही सांगितलं नसणार. सांगेल अशी ती नाही, म्हणून मी सांगतो आहे.

अमरसिंहचं म्हणणं होतं, झालरवाला दुकानात परत द्या, नाहीतर टाकीत मधोमध भोकं पाडलेली काच उभी करू. मी दोन्हीला नकार दिला. काच उभी करून काय कुणीही नांदवेल. मी ठरवलं, उरलेले पाच आणि आलेले चार, सगळे याच पाण्यात आणि याच माशाबरोबर राहतील, आणि ते मी करून दाखवीन. दुकानदाराला खोदून विचारलं. तो म्हणाला, पोट भरलेलं असलं तर हा आळशी असतो, आणि बारक्यांना लपायला फटी हव्यात. मग मी दिवसातून तीनदा तारेला कोळंबी टोचून त्याच्या तोंडासमोर नाचवायला लागलो. पहिले दोन दिवस त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं. तिसऱ्या दिवशी गपकन घेतली. मी एवढ्याने ओरडलो की बयाबाई धावत आल्या. (कोळंबी मी बर्फाच्या साच्यात ठेवत होतो. त्याच साच्यातला बर्फ तानाबाईने बयाबाईंच्या कोकम सरबतात घातला. त्या माळकरी. तेव्हापासून त्या आमच्याकडे पाणीसुद्धा घरून आणून पितात.)

मग दगड रचायला घेतले. बारका शिरेल पण झालरवाला शिरणार नाही अशा फटी ठेवायच्या, म्हणजे मापाचं काम, माझ्या हातचं. तिसरा दगड बसवताना उजवा हात मागे घेतला आणि थेट त्याच्या पाठीवर. गणपतराव, विंचू मला दोनदा चावला आहे. ते दोन्ही विंचू बिचारे सज्जन होते. कोपरापर्यंत आग, बोटं रताळ्यासारखी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी सापाचं विचारलं, कुत्र्याचं विचारलं, मासा म्हटल्यावर काटा घशात अडकलाय का म्हणाले. शेवटी तानाबाईने तुमच्या घरी फोन लावला. तुम्ही बंदरावर कामाला होतात.

सूनबाईने फोनवर एकच प्रश्न विचारला, काट्याचा तुकडा आत राहिलाय का. मग म्हणाली, "हात गरम पाण्यात घाला, सोसंल तेवढ्या गरम. आनि कुणी सांगितलंतं तुमास्नी टाकीत हात घालायला? वय काय तुमचं?" पाच महिन्यांत ती मला पहिल्यांदा ओरडली. पाऊण तास ती फोनवर होती, तानाबाई पातेल्यात ऊन पाणी ओतत होती आणि दोघी मिळून मला बोलत होत्या. दुखणं हळूहळू उतरलं. मला लई बरं वाटलं, आणि ते पाण्याने की बोलण्याने हे डॉक्टरांनाही विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. त्याला एकोणीस दिवस झाले. झालरवाला तीन वेळा जेवतो आणि पडून राहतो. फटींमुळे क्रोमिस निर्धास्त आहेत. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाच आणि चार हा हिशेब मोडला. झालरवाल्याची सावली अंगावर आली की नऊच्या नऊ एका झुबक्यात येतात, आपला कोण, दुकानचा कोण, आता मलाही ओळखू येत नाही. म्हणजे मी म्हणालो होतो ते जमलं. फक्त पुड्यातल्या मिठाच्या पाण्यापेक्षा खरं समुद्राचं पाणी बरं, म्हणून चार कॅन. घरातल्या सगळ्यांना आमचा नमस्कार.

आपला,
हंबीरराव

ता. क. कॅन एस.टी.च्या टपावर टाकले तर घाटात सांडतात. कुणीतरी शेजारी बसून आणलेले बरे. प्रियदर्शनीला त्याची सवय आहे. गुडघा परवानगी देत असेल तरच.

ता. क. दुसरी. तानाबाई पाठीमागे उभी राहून वाचते आहे. ती म्हणते, "पाण्याचं काय घिऊन बसलाय? पोरगी पाठवा म्हणून सरळ ल्ह्या की." लिहिलं.

ता. क. तिसरी. पाकीट डकवलं होतं, खळ ओली होती म्हणून परत उघडलं. आत्ता मोजले. आठ आहेत. चारदा मोजले, दगड हलवून पाहिले (तारेने, हाताने नाही). गेलेला तिच्या पाचातलाच असणार, कारण शेपटीला खाच असलेला तिचा तेवढा एक मला अजून ओळखू यायचा, तो दिसत नाही. झालरवाल्याचं पोट भरलेलं होतं, तरी खाल्ला. वर लिहिलेलं खोडत नाही, एकोणीस दिवस खरे होते. आता काच उभी करायची, झालरवाला परत द्यायचा की आणखी प्रयत्न करायचा, हे ती ठरवील. मी काच धरायला तयार आहे. हे पत्र तुम्ही वाचून तिला तोंडी सांगू नका. तिच्या हातात द्या आणि तुम्ही दोघं तेवढा वेळ अंगणात जाऊन बसा.