शेलू म्हणजे डावीकडे

५ जुलै १९३७

मिळाला चार्ज! उदयसिंग मास्तर निवृत्त झाले. कारंज्याच्या आमच्या शाळेचा फुटबॉल आजपासून माझ्याकडे. एकोणीस वर्षं टीम त्यांची, सात वेळा कप. पोरं त्यांना 'मोठे मास्तर' म्हणतात. मी आपला नुसता मास्तर.

८ जुलै

मोठे मास्तर रेघेबाहेरून खेळ सांगत. समोरच्यांना कळू नये म्हणून गावांची नावं — शेलू म्हणजे चेंडू डावीकडे, आसेगाव म्हणजे मागे. मी आज उलट ओरडलो. अकरा पोरं जागच्या जागी उभी! कॅप्टन जगदेव म्हणाला, "मास्तर, आसेगावले जाऊन काय करू? तिथं तर आपलाच गोल हाये!" सगळे हसले. मीही हसलो. चूक केली.

१९ जुलै

हरलो. पाच-शून्य. गावं बंद करून मी आकडे लावले होते — एक, दोन, तीन. पोरांना आठवेनात. ऐन वेळी मलाही! बाहेरून कोणीतरी ओरडलं — "मास्तर पाढे शिकवून राह्यले काय?"

२४ जुलै

मोठे मास्तर सरावाला आले. बाकावर बसले. मी "तीन!" ओरडलो, म्हणजे मागे. पोरांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली — नाही. चेंडू डावीकडे गेला. गोल!

जाताना मला म्हणाले, "हळूहळू जमते जी." ते 'जी' थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

२ ऑगस्ट

त्यांना सांगितलं, मैदानावर येऊ नका. तोंडावर. पोरांसमोर. म्हातारा उठला, टोपी नीट केली, "बरं" म्हणाला, गेला. बरं वाटलं मला!

आजच छडी आणली. जगदेवच्या पोटऱ्यांवर बारा. आता कोणी हसत नाही.

२१ ऑगस्ट

जिंकलो.

३० ऑगस्ट

पुन्हा जिंकलो! छडी दिसली की एक-दोन-तीन बरोब्बर आठवतं.

११ सप्टेंबर

लहान रुळाच्या गाडीनं मूर्तिजापूर, तिथून अकोला. उद्या फायनल. फय्याजचा घोटा टम्म सुजलाय. डावीकडचा फय्याज, माझा सगळ्यात पळणारा! जगदेव आला. "त्याले बसवा मास्तर. सेवादास खेळते त्याच्या जागी. मोठे मास्तर दुखऱ्या पोराले उतरवतच नव्हते. दोन फायनल हरले, पण नाही उतरवलं."

म्हटलं, "म्हणूनच सात कप. नऊ झाले असते."

१२ सप्टेंबर

कप!

हाफटाइमला फय्याज खालीच बसला. "मास्तर, पाय टेकत नाही जी." मी म्हटलं, "टेकव. आईला काय सांगू तुझ्या — भ्याला म्हणून?" उठला.

शेवटची पाच मिनिटं, बरोबरी. "एक!" ओरडलो, म्हणजे डावीकडे. कोणी हललं नाही. मग तोंडातून आपोआप निघालं — "शेलू!" फय्याज सुटला. लंगडत नाही, पळत! मारला. गोल! आणि त्यांचा बॅक सगळ्या वजनानिशी त्याच्या पायावर. मोडल्याचा आवाज रेघेपर्यंत आला. हाड बाहेर, चिखलात.

मी आधी पंचाकडे पाहिलं. गोल धरला का? धरला होता.

१७ सप्टेंबर

अकोल्याचा दवाखाना. फय्याजची आई अमीनाबी आलेली. कारंज्यात बांगड्या विकते. वाटलं, शिव्या घालेल. तिनं हात जोडले. "तुमी हाये म्हणून पोरगं इथवर आलं, मास्तर. डागदरले सांगा ना, पाय राहू द्या म्हणा. तुमचं ऐकन ते."

डॉक्टरांशी मी बोललोच नाही. जखमेला वास सुटला होता. बाहेर आलो तर बाकावर मोठे मास्तर. चार दिवसांपासून इथंच आहेत म्हणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही थांबलो नाही.

१८ सप्टेंबर

गुडघ्याखाली कापला.

शाळेत सत्कार झाला माझा. हार, नारळ, टाळ्या. भाषणात फय्याजचं नाव राहिलं. विसरलो नव्हतो.

२० सप्टेंबर

हेडमास्तरांनी विचारलं, "पुढल्या वर्षी डावीकडे कोण?"

मी विचारसुद्धा केला नाही. "बदरुद्दीन," म्हटलं. फय्याजचा धाकटा भाऊ. पळतो चांगला.