ज म्हणजे जतन

८ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. नव्या खोलीत सकाळचं ऊन येतं हे वाचून बरं वाटलं. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. थंडी सरल्यापासून दादाचा गुडघा जरा शांत आहे. वहिनीने केस कापून घेतले आणि दादाला ते कळायला आठवडा लागला. मी आहे तशीच आहे. वजन तेवढं वाढलंय, बसून बसून दुसरं काय होणार!

कामाचं म्हणशील तर अक्षरजुळणीतून श्वास घ्यायला फुरसत नाही. शाळेची पुस्तकं आहेत, एका निवृत्त डॉक्टरांच्या आठवणी आहेत, आणि एक शब्दकोश आहे जो मी म्हातारी होईपर्यंत जुळवत बसणार असं दिसतंय. पुढची खोली तू सोडून गेलीस जवळजवळ तशीच आहे. दोन टेबलं, मधे प्रिंटर. माझं तोंड भिंतीकडे, दादाचं माझ्या पाठीकडे. तुझं खिडकीजवळचं टेबल होतं तिथे आता कागदाचे गठ्ठे असतात.

हाताने का लिहितेस, टाइप कर, तुझं अक्षर लावता लावता माझे डोळे जातील, असं तू लिहिलंस. अगं, दिवसभर टायपिंगच करते. बोटांना कंटाळा येतो, एवढंच.

परीक्षेला जाऊन आले. तू सुचवलेल्या प्रकाशनाची इथली शाखा चांगली आहे. लिफ्ट आहे, लिफ्टमध्ये आरसा आहे, आरशात मी आहे त्याहून बारीक दिसते. परीक्षा ठीक झाली. कळवू म्हणाले. नाही जमलं तरी वाईट वाटून घेऊ नकोस. शब्दकोश अर्धा टाकून तुझ्या गावी नोकरीला येणं बरं दिसणार नाही, आणि दादा एकटा पडेल. आई-बाबा गेल्यावर त्याने आपल्यासाठी काय काय केलं ते तुला सांगायला नको.

आणि इथे माझी किती सोय आहे बघ. तू गेल्यावर मी पहिल्यांदा कॉम्प्युटरवर बसायला लागले, तेव्हा दादाने दोन्ही कॉम्प्युटरवरचं विंडोज काढून लिनक्स टाकलं. यात सगळं आपल्या मनासारखं करून घेता येतं, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. त्याने एकेका बटणाला कामं लावून दिली. कंट्रोल धरून ज दाबला की जतन. छ म्हणजे छपाई, न म्हणजे नक्कल, म म्हणजे मागे फिरायचं. एकदा ऐकलं की डोक्यात बसतं. शिवाय एक द आहे. तो दाबला की दादाच्या कॉम्प्युटरवर घंटा वाजते. मी अडले की द. मग तो उठून येतो, माझ्या खांद्यावरून हात घालून दोन बटणं दाबतो, आणि काम सुटतं. इतक्या वर्षांत मला एकही गोष्ट स्वतः शोधावी लागलेली नाही.

दादा तुझी आठवण काढतो असं लिहिणार होते, पण माझी थाप तू लगेच ओळखतेस.

उत्तर लिही. पाकिटावर वहिनीचं नाव घाल.

तुझी
शेपूट


५ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर तुझ्यावर धुसफुसत होते. परीक्षा घेणाऱ्या बाई तुझ्या ओळखीच्या आहेत, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणजे मी ‘ठीक झाली’ असं लिहीत होते तेव्हा तुला सगळं ठाऊक होणारच होतं. चांगलं तोंडघशी पाडलंस. आता लपवण्यात काय अर्थ आहे? माझ्याकडूनच ऐक.

त्यांनी मला एक प्रकरण दिलं. मजकूर लावायचा, मथळे बसवायचे, चुका काढायच्या. हे मी झोपेतही करीन. बसले, चार ओळी केल्या आणि सवयीने ज दाबला. मला सारखं जतन करायची सवय आहे. आमचा ज जिथे आहे तिथेच इंग्रजी पी आहे, म्हणजे जगाचं छपाईचं बटण, हे मला माहीतच नव्हतं. बाजूच्या खोलीत प्रिंटर सुरू झाला. कुणाचं तरी काम चालू असेल म्हणून मी पुढे गेले. पुन्हा ज, पुन्हा प्रिंटर. शेवटी एक माणूस हातात गठ्ठा घेऊन आला आणि म्हणाला, “हे कोण छापतंय? पुस्तक आजच काढायचंय का?” सगळे हसले. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

मग माझे हातच चालेनात. एक अख्खं पान नक्कल करून पुढे न्यायचं होतं. पान निवडलं आणि न दाबला. जगात तिथे चिकटवायचं बटण आहे. माझं पान गेलं आणि त्याच्या जागी कुणाचा तरी जुना पत्ता येऊन बसला. मागे फिरायला म दाबला, तर काहीच झालं नाही. पुन्हा दाबला. मग मी काय केलं असेल सांग? मी द दाबला, ताई. त्या परक्या ऑफिसात, दादाला हाक मारायचं बटण. दाबलं आणि वाट बघत बसले. कुणीच आलं नाही. ते का आलं नाही हे समजायलाही मला थोडा वेळ लागला.

बाई जवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “यापूर्वी कॉम्प्युटरवर काम केलंय का तुम्ही?” त्या वाईट बोलल्या नाहीत. पण उतरताना लिफ्टच्या आरशात मी स्वतःकडे बघितलं नाही.

घरी येऊन मी दादाला यातलं काही सांगितलं नाही. दातांच्या डॉक्टरकडे गेले होते असं सांगितलं. पण दुसऱ्या दिवसापासून तो प्रुफं पोचवायला बाहेर पडला की मी सेटिंग उघडायला लागले. तिथे बटणांची यादी असते आणि खाली एक पर्याय असतो, सगळं मुळासारखं करा. तो दाबायचा, जगाची बटणं शिकायची, आणि दादा यायच्या आत एकेक करून त्याची बटणं परत बसवायची. घरात चोरून गाणं शिकावं तशी मी कंट्रोल-एस शिकत होते. एस दाबला की जतन होतं. साधी गोष्ट आहे, शाळेतल्या पोरांना येते. मला रडू यायचं.

वहिनीने मला पकडलं. मला वाटलं आता बोलणार. तर ती दाराला टेकून म्हणाली, “वन्सं, स्वयंपाकघरातले डबेपण त्यांनीच लावलेत. मीठ वरच्या फळीवर, उजवीकडून दुसरं. माहेरी गेले की मला मीठ सापडत नाही. माझी आई म्हणते, हिला संसार येतो की नाही कोण जाणे.” आम्ही दोघी खूप हसलो. मग ती कुकर बघायला निघून गेली.

मी हाताने का लिहिते तेही सांगते. माझ्या कॉम्प्युटरवर जे दिसतं ते दादाच्या पडद्यावर एका कोपऱ्यात दिसतं. काही अडलं तर लगेच कळावं म्हणून त्याने तसं करून ठेवलंय. माझी पाठ त्याच्याकडे आणि माझा पडदाही त्याच्याकडे. हे तुला लिहायची लाज वाटत होती, कारण मी कधी नाही म्हटलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात माझी चूक झाली. दादा लवकर आला. मी घाईघाईत सगळी बटणं परत लावली आणि नेमका ज राहिला. दुपारी तो एक मथळा नीट करायला माझ्या खुर्चीत बसला, नीट केला आणि ज दाबला. मधला प्रिंटर सुरू झाला. 

तो उठला. पान बाहेर येईपर्यंत प्रिंटरपाशी उभा राहिला. मग माझ्या खुर्चीत बसून यादी उघडली, ज होता तिथे लावला. तो चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. तू भांडून घर सोडलंस तेव्हा तो ओरडला तरी होता. मला फक्त म्हणाला, “कुठे निघालीस?”

मी म्हटलं, “कुठे नाही. जगात कसं असतं ते बघत होते.”

तर म्हणाला, “ताईला मी सगळं जगासारखं शिकवलं होतं. गेली ना ती?”

ताई, हे वाक्य बोलून तो चहा प्यायला आत गेला.  इतकी वर्षं मला वाटत होतं की त्याने ते ज, न, म माझ्या सोयीसाठी लावले. त्यालाही तसंच वाटत असेल. तो लबाड नाही, तुला माहीत आहे. पण माझी बोटं त्याने याच खोलीपुरती ठेवली, आणि मी त्याला थँक यू म्हणत राहिले.

त्याने सेटिंगला कुलूपही लावलं नाही. जाता जाता म्हणाला, “बदलायचं तर बदल. बघ किती काम होतं ते.” त्याला माझ्या हातांची खात्री आहे. ती खरीही आहे. काल मी एका पानाला अख्खी सकाळ लावली.

बाई पुन्हा संधी देणार आहेत असं तू लिहिलंस. तुझ्या गावी, मोठ्या ऑफिसात. ये म्हणतेस. मी काय सांगू? माळ्यावर तुझा जुना कीबोर्ड सापडलाय, अक्षरं पुसलेला. तो कशालाच न जोडता मांडीवर घेऊन बसते. पडदा नाही, त्यामुळे कुणाला दिसत नाही. वहिनी म्हणते, “बिनतारेचा फोन ऐकला होता, हे बिनकॉम्प्युटरचं काय?” अजून हात ज कडेच जातो.

रागावू नकोस.

शेपूट


२ एप्रिल

प्रिय ताई,

हे पत्र टाइप केलेलं बघून तू दचकशील. खोटं कशाला सांगू, मीही दचकलेच आहे. सकाळची वेळ आहे. दादा त्याच्या जागेवर बसलाय. मी मघाशी त्याच्यासमोर यादी उघडली आणि सगळं मुळासारखं करा हा पर्याय दाबला. आता द दाबला तर घंटा वाजणार नाही. मी लिहिते आहे ते प्रत्येक अक्षर त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात उमटतंय.

मला भीती वाटते आहे. पाठीवर कुणीतरी हात ठेवल्यासारखं होतंय, आणि मागे कुणी उभं नाही. त्याची खुर्ची एरवी सारखी करकरते. आता करकरत नाही, म्हणजे तो वाचतो आहे.

तर दादा, वाच. मी शनिवारी ताईकडे जाते आहे. सोमवारी परीक्षा आहे. जमली तर तिकडेच राहीन, नाही जमली तर पुन्हा देईन. शब्दकोशाचा म पर्यंतचा भाग झालाय, पुढचा मी तिकडून करून पाठवीन, कारण तो मी सुरू केलाय. तू आम्हाला वाढवलंस. माझ्या तापात तू रात्र रात्र बसलास, माझ्या फ्रॉकला बटणं लावलीस, वेण्या घातल्यास आणि त्या वाकड्या व्हायच्या. मी काही विसरलेले नाही. पण या खोलीबाहेर मला एक पान जतन करता येत नाही दादा, आणि मी काही लहान नाही. तू वाईट केलंस असं म्हणत नाही. मला गुदमरायला होतं, एवढं म्हणते आहे. हे तुझ्याकडे तोंड करून मला बोलता आलं नसतं.

ताई, खुर्ची अजून करकरली नाही. आतून वहिनीचा आवाज येतोय. तिने मिठाचा डबा ओट्यावर आणून ठेवलाय. तो तिथेच राहणार असं तिने आज चहाच्या वेळी जाहीर केलं, आणि दादाने तो हलवला नाही.

मी आता छापते. पान त्याच्या बाजूला बाहेर पडेल. ते तुझ्यापर्यंत आलं तर समज, त्याने अडवलं नाही.

शेपूट

ता. क. हे हाताने लिहिते आहे.

दादा उठला. पान उचलून उभ्या उभ्या वाचलं, आधी पडद्यावर वाचलं असूनही. मग माझ्या खुर्चीमागे आला. मला वाटलं आता बटणं परत लावणार. त्याने नेहमीसारखा माझ्या खांद्यावरून हात घातला आणि म्हणाला, “एवढं लिहिलंस आणि जतन नाही केलंस?” आणि त्याने ज दाबला.

प्रिंटर सुरू झाला.

तो तसाच उभा राहिला, हात कीबोर्डवर ठेवून. मी म्हटलं, “दादा, एस.” तो यादीत नसलेल्या बटणाकडे बघावं तसा कीबोर्डकडे बघत राहिला. मग मी त्याचं बोट धरून एसवर नेलं. लहानपणी तो माझं धरायचा तसं.

पहिली प्रत या पाकिटात आहे. दुसरी त्याने घडी करून खिशात ठेवली, आणि ऊन आहे तरी बाहेर फिरायला गेला. अजून परतला नाही. वहिनीने त्याचं ताट झाकून ठेवलंय.

शनिवारी स्टँडवर ये. माझी एकच बॅग आहे, आणि तुझा कीबोर्ड.

येतेच आहे.
शेपूट