कव्हर कोणी काढलं

गुरुवार, संध्याकाळ

आज कमलेशची दोन बोटं पॅकिंगच्या मशीनमध्ये गेली. आठ महिने आम्ही दोघी बिस्किटांच्या कारखान्यात हेल्पर, एकाच पट्ट्यावर समोरासमोर. पडावच्या नाक्यावरून सुटणाऱ्या शेअर टेम्पोत ती रोज माझी जागा धरते.

मशीनचं कव्हर सोमवारपासून काढलेलंच होतं. सुपरवायझरनेच काढायला लावलं, कव्हर असलं की काम हळू होतं म्हणून. दुपारी त्यानं मला बोलावलं. "कव्हर उसी ने खोला था ना? आपने तो देखा होगा." मी मान हलवली. का हलवली? कव्हर कमलेशनेच काढलं, असं त्यानं लिहिलेल्या कागदावर सहीपण केली. कव्हर तिथेच भिंतीला टेकून उभं होतं, तीन दिवसांची धूळ खात. मला दिसत होतं, त्यालाही दिसत होतं.

घरी आल्यावर यांना सगळं सांगितलं. वाटलं, रागावतील. म्हणाले, "बरं केलंस, तुझी नोकरी तरी राहिली." ते जास्त लागलं.

आत्ता कमलेशच्या मुलीचा फोन आला. "मौसी, सब कह रहे हैं मम्मी की गलती है. आप तो वहीं थीं ना?"

मी म्हटलं, "बेटा, पहले खाना खा लो," आणि फोन ठेवून दिला.