कनेक्टरची टोपी आणि तुझी कविता

चि. धाकटीस, दादाचे भरभरून आशीर्वाद.

मेहुण्यांचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुझा खोकला काय म्हणतो? आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीचा आवाज तर फारच ठीक आहे.

पत्र आभाराचं आहे. रविवारी सकाळी तू रेडिओवर आपली शाळेतली होडीची कविता म्हणणार हे कळल्यापासून मी हवेत तरंगत होतो. शनिवारी खरीच हवा सुटली. वाऱ्याने गच्चीवरच्या एरियलची केबल कनेक्टरमधून उपटून काढली, आणि एरियलशिवाय तुमचं ते छोटं केंद्र इथे नुसतं खरखरतं. केबल भिंतीला ठोकलेली, घरात आणता येईना. तेव्हा तारांना डाख द्यायचं, मेहुण्यांनी भेट दिलेलं सोल्डरिंग आयर्न (घेताना मी मनात नाक मुरडलं होतं, त्यांना सांगू नकोस) घेऊन मीच वर गेलो.

थंडी अशी, की बोटं दुसऱ्याच कुणाची वाटावीत. आयर्न तापलं रे तापलं की वारा ते फुंकून निववायचा. सोल्डर पसरायचं सोडून गोळा होऊन बसायचं, आणि जरा ओढलं की तार हातात. (वाऱ्याला 'मंद' म्हणणारे कवी बहुधा खिडकी लावून लिहीत असावेत.) शेवटी तुझी वहिनी वर आली. माझ्यावर रजई टाकली, तिची टोकं पायांखाली दाबली आणि वाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. "आता करा. आणि कविता म्हणू नका, हात हलतो तुमचा."

आणि जमलं गं! सोल्डर असं चकाकत पसरलं की मला त्यात चांदण्यातलं तळं दिसलं. विजयी मुद्रेने रजईतून डोकं बाहेर काढतो, तर वहिनीच्या हातात कनेक्टरची टोपी. ही टोपी केबलमध्ये आधी ओवायची असते. सोल्डर झाल्यावर ती कुठूनच आत जात नाही.

"ही काय मी घालू डोक्यावर?"

सगळं पुन्हा वितळवून सोडवलं. दुसऱ्या खेपेला टोपी आठवणीने ओवली. उलटी. तिसऱ्या खेपेला मात्र वहिनीने ती स्वतः ओवली आणि काम होईपर्यंत चिमटीत धरून ठेवली. बोटं निळी पडली होती तिची. मी म्हटलं, तू खाली जा. तर म्हणाली, "मलाही ऐकायचाय तिचा आवाज."

रविवारी रेडिओ लावला. खरखर नावालाही नाही! तू पहिली ओळ म्हणालीस, आणि आईच्या चुलीशी बसून पाठांतर करणारी आपण दोघं मला दिसलो. डोळे वाहू लागले. मेहुण्यांचे, वहिनीचे, तुझे, त्या टोपीचेसुद्धा फार फार आभार.

तुझा,
दादा

ता.क. वहिनी म्हणते, पुढचंही लिहा. दुसऱ्या ओळीपासून मी तुझ्याबरोबर म्हणू लागलो. मोठ्याने, हातवाऱ्यांसह. थांबलो तेव्हा रेडिओवर बातम्या चालू होत्या. तिला तुझा एक शब्द धड ऐकू आला नाही.

ता.ता.क. तेव्हा तुम्ही दोघं इकडे या आणि तू तिच्यासमोर बसून अख्खी कविता म्हण. तेवढा वेळ मी गच्चीवर थांबायचं असं ठरलं आहे. रजई मिळणार आहे.