डॉक्टरकी सोडलेला कवी

तीर्थरूप आबा,

लातूरहून लिहून राहिले. काल मी नीटचा पेपर दिलाच न्हाई. केंद्राच्या गेटवरूनच रडत परतले. फोनवर तुम्हाला 'सोपा गेला' म्हणाले, ते खोटं होतं.

वाचनालयात एका थोर इंग्रजी कवीचं चरित्र सापडलं. आईबाप लहानपणीच गेलेले. पालकानं त्याला डॉक्टरकीला घातलं. तो पास झाला, अन् पालकासमोर उभा राहून म्हणाला, "मी कविताच लिहिणार." पालकानं त्याला वेड्यात काढलं, तरी तो हटला न्हाई. तो पंचविसाव्या वर्षीच वारला, हे मात्र तुमच्यापासून लपवणार होते.

मला नांदेडला इंग्रजी शिकायचंय, आबा. पण सगळ्या देगलुरात तुम्ही मला 'आमची डॉक्टरीण' म्हणता. नागाआत्या आतापासूनच मला दुखरा गुडघा दाखवते. तुमचा चेहरा डोळ्यांपुढं आला की खरं सांगायचं राहून जातं.

आत्ताच होस्टेलच्या मावशींनी हाक मारली, "बबिता, तुझे वडील आलेत. पेढे घेऊन आलेत."

चिठ्ठी तुमच्या हातात देऊन पळून जावंसं वाटतंय. पण देणार न्हाई. जिना उतरते अन् तोंडानंच सांगते.

तुमचीच, डॉक्टर न होणारी,
बबिता